वार्धक्य : निसर्गाचे किती, समाजाचे किती?

ययातीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जराग्रस्त झालेला हा राजा आपल्या पाच मुलांपुढे एकामागून एक हात पसरतो. चौघे नकार देतात आणि धाकटा पुरू आपले तारुण्य बापाच्या ओंजळीत टाकतो. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली या कथेवर कादंबरी लिहिली, ती भोगाच्या अतृप्तीवर. कथेत तो अर्थ आहेच. परंतु तीत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे व तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. म्हातारपण ही अंगावरच्या वस्त्रासारखी एक वस्तू आहे, ती एकाने उतरवावी व दुसऱ्याने पांघरावी, असे ही कथा मानते. हे मानणे कितपत खरे आहे, याचा आज आपल्याला थोडा विचार करावयाचा आहे.

प्राचीनांनी या प्रश्नाची उत्तरे दिली ती बहुतेक शरीराकडे बोट दाखवून. जन्माबरोबर शरीरात एक उष्णता येते व ती दिव्याच्या ज्योतीप्रमाणे हळूहळू मंदावत जाते, असे ॲरिस्टॉटल म्हणे. त्याच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी झालेला वैद्य गेलेन त्यात शरीर कोरडे पडण्याची भर घालतो. आपल्या आयुर्वेदाने तर जरा लांबविण्यासाठी आठ अंगांपैकी रसायन हे एक अंगच राखून ठेवले, आणि पुन्हा तरुण झालेल्या च्यवन ऋषींच्या नावाचा अवलेह आजही दुकानादुकानांतून खपतो आहे. या साऱ्यांत वेगळा सूर लावला तो रोमच्या सिसेरोने. साठी ओलांडल्यावर, इसवी सनापूर्वी ४४ साली त्याने वार्धक्यावर एक छोटा ग्रंथ लिहिला. म्हातारपणाविरुद्धची माणसाची गाऱ्हाणी त्याने चार ठरविली: ते माणसाला कामातून काढते, शरीर दुबळे करते, सुखे हिरावते आणि मृत्यूच्या जवळ नेते. या चारांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिले गाऱ्हाणे गुडघ्यांचे नाही की डोळ्यांचे नाही. ते कामातून काढले जाण्याचे आहे. म्हणजे वार्धक्यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसांनी घातलेली भर किती, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याला आत घ्यावयास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

या इतिहासात १८८९ हे वर्ष मोठे विलक्षण आहे. त्या एका वर्षी तीन वेगवेगळ्या शहरांत तीन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता; पण आज मागे वळून पाहताना त्या तिन्ही एकाच प्रश्नाला तीन बाजूंनी भिडल्या होत्या असे दिसते.

पहिली गोष्ट पॅरिसची. शार्ल ब्राउन-सेकार हे मज्जासंस्थेच्या अभ्यासात नाव कमावलेले, ७२ वर्षांचे शरीरशास्त्रज्ञ. १ जून १८८९ रोजी त्यांनी तेथील जीवशास्त्र मंडळापुढे असे जाहीर केले, की कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि आपली गेलेली शक्ती परत आली. प्रयोगशाळेत पुन्हा तासन्‌तास उभे राहता येऊ लागले. बातमी जगभर पसरली व अशा अर्कांचा बाजार तेजीत आला. ब्राउन-सेकार स्वतः १८९४ साली वारले. त्यांनी अर्क काढला होता पाण्यात, आणि ज्या द्रव्याकडून ही अपेक्षा होती ते पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, हे पुढे कळले. म्हणजे त्यांना आलेली शक्ती बहुधा श्रद्धेची होती. तरीही हा माणूस हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्रंथींतून रक्तात उतरणारी द्रव्ये साऱ्या शरीराचा कारभार चालवितात, या आजच्या शास्त्राला त्यांच्या चुकीच्या प्रयोगाने चालनाच दिली. त्यांच्या मागून आलेल्या सर्ज व्होरोनॉफ यांनी १९२० सालापासून वानरांच्या वृषणांचे तुकडे धनिक वृद्धांच्या शरीरात बसविण्याचा सपाटा लावला. ययातीला निदान मुलाची संमती घ्यावी लागली होती. येथे पुरूच्या जागी बिचारे मुके जनावर होते, आणि तारुण्य तर कोणालाच मिळाले नाही.

याच पॅरिसमध्ये पाश्चर संस्थेत काम करणारे इल्या मेच्निकॉफ यांनी १९०३ साली वार्धक्याच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नाव दिले. रक्तातल्या भक्षक पेशी रोगजंतूंना गिळतात, या शोधासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल अर्लिख यांच्या बरोबरीने मिळाले. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्या आतड्यात अन्न कुजविणारे जंतू विष तयार करतात, त्या विषाने शरीर झिजते. सबब आंबविलेल्या दुधातले जंतू पोटात घालून कुजविणाऱ्यांना हुसकावून लावावे. बल्गेरियातील खेडुतांच्या दीर्घायुष्याच्या वार्तांचा त्यांनी आधार घेतला. दह्याची ही महती ऐकून आपल्याकडील आजीबाईंना नवल वाटले नसते. मेच्निकॉफ स्वतः नेमाने आंबवलेले दूध पीत आणि १९१६ साली ७१ व्या वर्षी वारले. त्यांच्या उपपत्तीचा तपशील टिकला नाही. मात्र आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी संबंध आहे, ही त्यांची मूळ कल्पना शंभर वर्षांनी पुन्हा प्रयोगशाळांत शिरली आहे. मला त्यांच्याविषयी अधिक आदर वाटतो तो वेगळ्याच कारणाने. म्हातारपणाची लाज बाळगण्याचे कारण नाही, तो अभ्यासाचा विषय आहे, हे धिटाईने सांगणारे ते पहिल्या काही लोकांपैकी होत.

यानंतर प्रश्न पेशीपर्यंत खाली उतरला. न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी जानेवारी १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील ऊतीचा तुकडा काचपात्रात वाढवावयास घेतला. ते पेशीसंवर्धन चौतीस वर्षे, खुद्द कॅरेल यांच्या मृत्यूनंतरही चालू ठेवण्यात आले. पेशी अमर आहेत, म्हातारे होते ते शरीर, असे एका पिढीने यावरून धरून ठेवले. १९६१ साली फिलाडेल्फियातील लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी ही समजूत पाडली. माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगतात व मग थांबतात, असे त्यांनी दाखविले. गोठवून ठेवलेल्या पेशी पुन्हा उबेत आणल्या, की मागची मोजदाद न विसरता उरलेली विभाजने तेवढी पुरी करीत. कॅरेल यांच्या पात्रात पोषणासाठी घातलेल्या भ्रूणरसातून ताज्या पेशी शिरत असाव्यात, असा तर्क पुढे करण्यात आला. ही मोजदाद पेशी ठेवते कोठे, याचे उत्तर गुणसूत्रांच्या टोकांशी सापडले. दर विभाजनाला ही टोके थोडी आखूड होतात. त्यांचे रक्षण कसे होते, या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. या दरम्यान डेनम हार्मन यांनी १९५६ साली अशी कल्पना मांडली होती, की श्वासोच्छ्वासाच्या व्यापारातच निर्माण होणारी प्रक्षुब्ध रसायने पेशींना गंजवितात. त्यावर उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचे मोठ्या चाचण्यांतून मात्र दिसून आले नाही. आज शास्त्रज्ञ एका कारणाची भाषा बोलत नाहीत. २०१३ साली त्यांनी वार्धक्याची नऊ लक्षणे मांडली आणि २०२३ मध्ये ती बारा केली.

परंतु 'कसे' याच्या मागे 'का' हा प्रश्न उरतोच. निसर्गाने म्हातारपण ठेवलेच का? जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट व्हायसमान यांनी १८८१ साली एका व्याख्यानात याचे उत्तर दिले. झिजलेल्या व्यक्ती जातीच्या दृष्टीने निरुपयोगीच नव्हे तर अपायकारकही ठरतात. त्या धडधाकटांची जागा अडवितात. म्हणून त्यांना दूर करण्याची योजना निसर्गानेच केली. हे उत्तर पटण्याजोगे दिसते, म्हणूनच ते अधिक तपासून घेतले पाहिजे. १९५१ साली पीटर मेडावर यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापकपदाचे पहिले व्याख्यान दिले, त्यात त्यांनी या युक्तिवादाचे वर्म काढले. वृद्ध झिजलेले असतात म्हणून त्यांना दूर करावयाचे; पण ते झिजतात का, हेच तर सिद्ध करावयाचे होते! मेडावर यांनी प्रयोगशाळेतील काचनळ्यांचे उदाहरण घेतले. नळी जुनी झाली म्हणून ठिसूळ होत नाही असे समजा. तरी रोज काही नळ्या हातून पडून फुटणारच, आणि त्यामुळे जुन्या नळ्या नेहमी थोड्याच उरणार. रानातील प्राण्यांचेही तसेच आहे. वाघ, दुष्काळ, रोगराई यांतून उतारवयापर्यंत पोहोचणारे थोडे. म्हणून उतारवयात प्रकट होणारा दोष काढून टाकण्याकडे निसर्गाच्या निवडीचे लक्षच जात नाही. हा विचार आधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी सूचित केला होता. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात राहावयास आले व १९६४ साली भुवनेश्वरला वारले. जॉर्ज विल्यम्स यांनी १९५७ मध्ये त्यात भर घातली, की तरुणपणी उपयोगी पडणारा गुणच म्हातारपणी बाधक ठरू शकतो. तात्पर्य, वार्धक्य ही निसर्गाची शिक्षा नव्हे आणि जागा मोकळी करून घेण्याची त्याची योजनाही नव्हे. जेथे निसर्गाची नजर पोहोचत नाही असा तो आयुष्याचा प्रदेश आहे.

'जागा मोकळी करणे' हे शब्द मी मुद्दाम योजले. कारण आता १८८९ सालातील दुसऱ्या गोष्टीकडे वळावयाचे आहे. ब्राउन-सेकार यांच्या त्या निवेदनानंतर तीनच आठवड्यांनी, त्याच जून महिन्यात, बिस्मार्कच्या जर्मनीत वृद्ध व अपंग कामगारांच्या विम्याचा कायदा झाला. कामगार व मालक यांची वर्गणी आणि सरकारची भर यांतून सत्तरी गाठलेल्याला निवृत्तिवेतन मिळावयाचे होते. ही मर्यादा ६५ वर आली ती १९१६ साली. कायदा झाला तेव्हा बिस्मार्क स्वतः ७४ वर्षांचा असून सत्तेवर होता. ब्रिटनने १९०८ च्या कायद्याने सत्तरीनंतरचे वेतन दिले, अमेरिकेने १९३५ साली ६५ हे वय धरले. हातपाय थकलेल्या श्रमिकाला दारोदार भीक मागावी लागू नये, ही या कायद्यांमागची बाजू थोरच म्हटली पाहिजे. परंतु त्यांबरोबर एक नवी गोष्ट जगात आली: म्हातारपणाची तारीख. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय पूर्वी ५५ होते, १९६२ साली ते ५८ झाले, १९९८ साली ६०. त्या दोन वर्षी भारतीयांच्या गुडघ्यांत वा हृदयात काही पालट झाला नव्हता. पालट झाला तो कागदावर. आणि ज्याला कोणी नेमणूकपत्र दिलेच नव्हते, त्या शेतमजुराला वा मोलकरणीला अशी तारीखही नाही. तिचे म्हातारपण जेव्हा अंग उचलत नाही त्या दिवशी येते.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईची. मार्च १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी तेथे शारदा सदन उघडले. त्याचा वार्धक्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझ्या मते फार जवळचा आहे. त्या काळच्या उच्चवर्णीय घरातील बालविधवेची अवस्था डोळ्यांपुढे आणा. केशवपन झालेले, अंगावर आलवण, मंगलकार्यात पुढे यावयाचे नाही, दागिना नाही, एक वेळचे जेवण, घराचा एक कोपरा आणि देवाचे नाव. वय किती? पंधरा, सतरा, वीस. शरीराने जी मुलगी उमलत होती तिला समाजाने एका दिवसात म्हातारी करून टाकले होते. वार्धक्य हे सारे पेशींचे आणि रसायनांचे असते, तर हे शक्यच झाले नसते. समाजाला माणसाच्या अंगावर म्हातारपण घालता येते, याचा इतका उघड पुरावा जगाच्या इतिहासात दुसरा क्वचितच सापडेल. शारदा सदनात शिकावयास आलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई या एक. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

आणि कर्व्यांचे चरित्र या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. १९१४ साली ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. दोन वर्षांनी, १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९५८ साली, शंभरी भरली त्या वर्षी, ते भारतरत्न झाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे होऊन गेले. जे वय पुढे सरकारी चाकराच्या निवृत्तीचे ठरले, त्या वयात त्यांच्या सर्वांत मोठ्या कामाचा आरंभ झाला होता.

त्याच सुमारास, १९६१ साली, अमेरिकेत इलेन कमिंग व विल्यम हेन्री यांचा एक ग्रंथ निघाला. कॅन्सस सिटीतील प्रौढ व वृद्ध नागरिकांच्या पाहणीवरून त्यांनी असे प्रतिपादिले, की वय वाढले म्हणजे व्यक्ती समाजातून अंग काढून घेते व समाजही तिला सोडतो. ही ताटातूट परस्परांच्या सोयीची व अटळ असते. वाचताना आपल्याला वानप्रस्थाची आठवण होईल. परंतु वानप्रस्थ हा निदान आदर्शाच्या पातळीवर स्वतः उचललेला पाय होता. पुष्कळ ठिकाणी येथे समाज दार लावून घेतो आणि आतला माणूस म्हणतो, 'बरे झाले, त्यांना निवांतपणाच हवा होता.' व्हायसमान निसर्गाविषयी जे म्हणाले तेच कमिंग आणि हेन्री समाजाविषयी म्हणत होते. यावर वाद झाला. रॉबर्ट हॅविगहर्स्ट, बर्निस न्यूगार्टन प्रभृतींनी त्याच शहराच्या पाहणीतील माहिती पुन्हा चाळली, तेव्हा कामात व माणसांत राहिलेले वृद्ध बहुधा अधिक समाधानी दिसले. काहींना मात्र शांत कोपराच मानवत होता. एकच नियम सर्वांना लावता येईना. माणूस म्हातारपणी आपला मूळ स्वभाव घेऊनच जातो, एवढे त्यांतून निष्पन्न झाले. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला रॉबर्ट बटलर यांनी १९६९ साली वंशद्वेष व लिंगभेद यांच्या पंक्तीला बसेल असे नाव दिले. नाव मिळाल्यावर दोष दिसू लागतो, हा त्याचा फायदा.

मनाचे काय? म्हातारपणी बुद्धी उतरते, असे आपण सारे धरून चालतो, आणि वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकाच दिवशी परीक्षेला बसवून तसा पुरावाही मिळत होता. वॉर्नर शाई यांनी १९५६ साली सिएटल शहरात सुरू केलेल्या पाहणीत त्याच माणसांची पुढे दर सात वर्षांनी पुन्हा परीक्षा घेतली. तेव्हा उतार पुष्कळ कमी व पुष्कळ उशिरा दिसला. आधीच्या पुराव्यात एक खोच होती. चौथीपर्यंत शिकलेल्या आजोबांची तुलना पदवीधर नातवाशी केली, तर आपण दोन वयांची नव्हे, दोन शाळांची तुलना करीत असतो. वेग मंदावतो हे खरे. परंतु शब्दसंपत्ती, अनुभवाने आलेली जाण या गोष्टी बराच काळ टिकतात. बटलर यांनीच १९६३ साली आणखी एका गैरसमजावर बोट ठेवले. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी पुन्हापुन्हा सांगतात, हे मेंदू थकल्याचे लक्षण समजले जाई. बटलर म्हणाले, तो आयुष्याचा जमाखर्च मांडण्याचा व्यापार आहे आणि तो व्हावयासच हवा. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यांतील शेवटच्यात हाच झगडा आहे: हे आयुष्य माझे होते असे म्हणून ते पदरात घेणे, किंवा ते वाया गेले म्हणून खंतावणे. एरिक्सन १९६२ साली जीवनचक्रावरील परिसंवादासाठी अहमदाबादला आले होते आणि त्यातूनच पुढे गांधीजींवरील त्यांचा १९६९ चा ग्रंथ झाला.

आता हा सारा इतिहास आपल्या दारात आणून ठेवला पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील माणसे दहा कोटींहून अधिक भरली. आईबापांना पोटगी मागता यावी म्हणून २००७ साली कायदा करावा लागला, यातच घराघरांतील एका दुःखाची कबुली आहे. पोटगी पोटाला पुरते. ज्या गाऱ्हाण्याला सिसेरोने पहिला क्रमांक दिला, त्यावर तिचा इलाज नाही.

कारण ते गाऱ्हाणे बहुधा दुष्टपणातून उपजत नाही. बाजाराची पिशवी हातातून घेताना सून म्हणते, 'मामंजी, तुम्ही बसा, उन्हाचे कशाला जाता?' विळीवर बसलेल्या आजीला नात म्हणते, 'राहू दे गं, मी चिरते.' वीजबिल, बँकेचे पुस्तक, लग्नाच्या याद्या, एकेक काम हातावेगळे होते. यात माया असते हे मी नाकारीत नाही. काही वेळा हात खरोखरच थकलेला असतो, आणि तेव्हा पिशवी घेतली नाही तर तो निष्ठुरपणा होईल. प्रत्येकाने कर्वे व्हावे असा आग्रह धरणे हाही एक जुलूमच. पण हात थकला आहे की आपणच तो थकला असे ठरविले आहे, हे आपण त्या हाताच्या धन्याला एकदा विचारतो काय? ययातीच्या कथेत बापाने आपले म्हातारपण मुलाच्या अंगावर घातले. आपल्या घरांत हे काम पुष्कळदा मुलेच करतात, आणि तेही प्रेमाने. शरीराची झीज कोणालाही उतरवून देता येत नाही, हे शास्त्राने आता पुरते सांगितले आहे. जे म्हातारपण आपण वरून घातले, ते मात्र काढून घेता येते. त्यासाठी पुरूची गरज नाही. उद्या सकाळी पिशवी पुढे करून 'मामंजी, येताना कोथिंबीर आणाल का?' एवढे विचारले तरी आरंभ होईल.